साथीचे दिवस आणि नववी आज्ञा

नववी आज्ञा आपल्या रविवारच्या शाळेतील लहान मुलांसही तोंडपाठ असते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावयाची नाही, हा तिचा अर्थ त्यांना लगेच समजतो. शिकविताना आपण बहुधा न्यायालयाचे उदाहरण घेतो, किंवा वर्गात हरवलेल्या पेन्सिलीचे आणि ज्याच्यावर आळ आला त्या मुलाचे. मोठ्या माणसांना न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचा प्रसंग आयुष्यात क्वचितच येतो. म्हणून ही आज्ञा आपण मोडीत नाही, असा आपला समज असतो. मला वाटते, तिची खरी कसोटी साथीच्या रोगाच्या दिवसांत लागते. त्या दिवसांत प्रत्येक जण साक्षीदार होऊन बसतो. रोग कोणाच्या घरी शिरला, तो कोणी आणला, कोणत्या काढ्याने उतरला, कोणत्या लसीने माणूस दगावला, हे आपण एकमेकांस सांगत सुटतो, आणि त्यातील फारच थोडे आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

२०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत हे आपण सर्वांनी अनुभवले. उपासनामंदिरांची दारे बंद होती, सांत्वनाच्या भेटी बंद होत्या, प्रेतयात्रेस चार माणसे मिळणे कठीण झाले होते. मंडळीचा सारा संसार हातातल्या फोनवर आला. त्या फोनवर प्रार्थना आल्या, गीते आली, मदतीच्या हाका आल्या आणि त्यांच्याच जोडीने नाना प्रकारच्या बातम्या आल्या. पाठविणारे लोक लबाड नव्हते. त्यांतील पुष्कळ जण मंडळीत वर्षानुवर्षे निष्ठेने सेवा करणारे होते. त्यांना विचारले, तर उत्तर ठरलेले असे : मला आले, ते मी पुढे पाठविले, खरे-खोटे देव जाणे. आता प्रश्न असा की, ज्याने खोटे रचले नाही, केवळ पुढे पोहोचविले, त्याने खोटी साक्ष दिली काय?

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायाचे पहिले वचन ह्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाते. पोकळ वार्तेसंबंधी ती मनाई आहे. आपल्या भाषांतरांत तिचा रोख अफवा उठविणाऱ्यावर, पसरविणाऱ्यावर आहे. पण मूळ इब्री क्रियापदाचा साधा अर्थ ‘उचलणे’ किंवा ‘वाहणे’ असा आहे. म्हणून काही जुन्या यहूदी टीकाकारांनी ते वचन ऐकणाऱ्यासही लावले : अशी वार्ता तू स्वीकारूही नको. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये, ह्या तिसऱ्या आज्ञेत हेच ‘उचलणे’ आहे आणि ‘व्यर्थ’ ह्यासाठीही तोच शब्द आहे. म्हणजे देवाचे नाव पोकळपणे ओठांवर घेणे आणि पोकळ वार्ता खांद्यावर घेणे, ह्या दोहोंसाठी शास्त्राने एकच भाषा वापरली आहे. तेथे वार्ता रचणारा आणि ती वाहून नेणारा असा भेद केलेला दिसत नाही. हमालाला पोत्यात काय आहे ते ठाऊक नसते, ही सबब त्या वचनापुढे टिकत नाही.

पण ह्यावर दुसरी बाजू उभी राहते, आणि ती हलकी नाही. डब्ल्यू. के. क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने झाले आहे, शंका मनात येते, पण आजवर ते सुखरूप परत आले आहे, दैव सांभाळील, अशी तो स्वतःची समजूत घालतो, आणि त्याची खरोखरच खात्री पटते. जहाज उतारूंसह बुडते. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा प्रामाणिक असली तरी तो दोषी आहे. जहाज पोहोचले असते तरीही दोषीच, कारण तशी श्रद्धा ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता. येथवर मान्य. परंतु पुढे जाऊन क्लिफर्ड असे म्हणतो की, पुरेशा पुराव्यावाचून कोणीही, कधीही, काहीही मानणे चूकच. हे माणसाला झेपणारे नाही. मध्यरात्री मूल तापाने फणफणले आहे, त्या आईने कोणता पुरावा तपासावा? ती शेजारच्या नर्सबाईंचे ऐकते. आपण सारेच असे कोणाच्या तरी शब्दावर जगतो. तेव्हा विश्वास ठेवावा की नाही, हा वाद निष्फळ आहे. कोणावर, कशासाठी आणि कितपत, एवढाच प्रश्न उरतो.

येथे आपल्या मराठी ख्रिस्ती भाषेने आपल्याला एका गोत्यात टाकले आहे, असे मला पुष्कळदा वाटते. देवावरील श्रद्धेसाठी आपण ‘विश्वास’ म्हणतो, आणि दूधवाल्यावर असतो तोही ‘विश्वास’च. मंडळीच्या सभासदांना आपण ‘विश्वासणारे’ म्हणतो. त्यामुळे ज्या निरोपाच्या शेवटी ‘विश्वास असेल तर दहा जणांना पाठवा’ असे लिहिलेले असते, तो न पाठविणारा मनात चाचरतो. निरोपावर शंका घेतली तर देवावरच शंका घेतली, असे त्याला वाटू लागते. बिरुया येथील लोकांची आठवण अशा वेळी करावी. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात सतराव्या अध्यायात त्यांची थोरवी सांगितली आहे ती कशासाठी? पौलासारखा प्रेषित समोर उभा असता, त्याचे बोलणे उत्सुकतेने ऐकून घेऊन ते दररोज शास्त्र उघडून ताडून पाहात, ह्यासाठी. पौलाने त्याचा राग मानल्याचे कोठे लिहिलेले नाही.

आता आपल्या ह्या भागाच्या इतिहासाकडे वळू. कारण साथ, वर्तमानपत्रे आणि लोकमत ह्यांचा झगडा फोनबरोबर जन्माला आला, असे समजणे चूक होईल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. अधिकारी मंडळी आरंभी तो शब्द उच्चारण्यास कचरत होती, कारण बंदराच्या व्यापारावर त्याचा परिणाम होणार हे उघड होते. मग एकाएकी सक्ती सुरू झाली. रोग्यांना घरातून उचलून रुग्णालयात नेऊ लागले. रुग्णालयात नेलेली बहुतेक माणसे आधीच मरणाच्या दारी असत, म्हणून ती परत येत नसत. लोकांनी त्यावरून जो निष्कर्ष काढला तो आज आपल्याला हास्यास्पद वाटेल : तेथे माणसांना मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.

ह्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. ज्या सरकारने आजवर त्यांच्या चाळीत पाऊल टाकले नव्हते, ते प्रथमच आले ते माणूस उचलून नेण्यासाठी. नेलेला माणूस दिसत नाही, त्याचे काय झाले ते कोणी सांगत नाही. जेथे खरी माहिती पोहोचत नाही तेथे मनुष्याचे मन रिकामे राहात नाही; भीती तेथे आपली गोष्ट मांडून बसते. मोमियाईची गोष्ट खोटी होती. पण ‘हे लोक आपल्याला माणसे समजत नाहीत’ हा जो तिच्या मुळाशी असलेला भाव, तो सर्वस्वी खोटा होता, असे मी म्हणू धजणार नाही.

पुढच्या वर्षी पुण्यात जे घडले त्यात आपल्या ख्रिस्ती समाजाचाही संबंध येतो, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यास रँड ह्या अधिकाऱ्याकडे प्लेगची व्यवस्था आली. गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. देवघरे, स्वयंपाकघरे, सामान, काहीही सुटले नाही. स्त्रियांच्या तपासणीवरून फार मोठा क्षोभ झाला. ‘केसरी’ने शिपायांच्या वर्तनावर टीका केली, त्याच वेळी टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालयही काढले, हे विसरू नये. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतःच त्या रोगाने १० मार्च रोजी वारल्या.

पंडिता रमाबाईंनी त्या दिवसांत ‘बाँबे गार्डियन’ ह्या ख्रिस्ती पत्रास एक पत्र लिहिले. आपल्या आश्रयास असलेल्या मुलींच्या अनुभवावरून पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची व्यवस्था किती धोक्याची आहे, हे त्यांनी उघडपणे मांडले. बाईंचे स्थान ध्यानात घ्या. हिंदू समाजाने त्यांना धर्मांतरामुळे दूर लोटलेले. मिशनरी आणि इंग्रज मित्रांच्या साहाय्यावर त्यांचे कार्य चाललेले. सरकारविरुद्ध बोलून त्यांना काहीच मिळावयाचे नव्हते, गमवावयाचे मात्र पुष्कळ होते. पत्राची चर्चा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली. सरकारने आरोप नाकारले. बाई आपल्या नावानिशी उभ्या राहिल्या.

त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडास गेले होते. वय अवघे एकतीस. पुण्याहून मित्रांची पत्रे आली. शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांतील एकीने जीव दिला, असे त्यांत होते. गोखल्यांनी ही हकीकत ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रास सांगितली. इंग्लंडात खळबळ उडाली, मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला, पुरावा मागितला. २२ जून रोजी पुण्यास रँडवर गोळी झाडली गेली होती आणि वातावरण पार बदलून गेले होते. गोखले परत आले तेव्हा टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली अटकेत होते व नातू बंधूंना खटल्याशिवाय डांबून ठेवले होते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगणे म्हणजे त्यांना तुरुंगाचा रस्ता दाखविणे. नावे सांगता येत नाहीत, पुरावा देता येत नाही. गोखल्यांनी आरोप मागे घेतला आणि बिनशर्त माफी मागितली. देशभर त्यांची छी-थू झाली. भित्रा म्हणून लोकांनी त्यांना हिणविले, आणि हा डाग पुष्कळ वर्षे त्यांना पुरला.

ह्या माफीविषयी आजही दोन मते आहेत. माझे मत असे की, जे सिद्ध करता येत नाही ते जाहीरपणे मागे घेणे हे गोखल्यांचे करणे नीतीला धरून होते, आणि ते भित्रेपणाचे तर नव्हतेच; तेव्हाच्या पुण्यात गप्प बसून देशभक्त म्हणवून घेणे अधिक सोयीचे होते. मात्र त्यांनी शिपायांची ज्या सरसकट भाषेत क्षमा मागितली ती मला जास्त वाटते. कारण झडतीतील दांडगाई ही कोणाच्या पत्रातली ऐकीव गोष्ट नव्हती, ती अख्ख्या शहराने पाहिली होती. परिणाम काय झाला पाहा. एक न सिद्ध होणारी गोष्ट इतर सिद्ध होण्याजोग्या गोष्टींना आपल्याबरोबर घेऊन बुडाली. माफीनंतर सरकारला असे म्हणता आले की, पाहा, हे सारे बनावट होते. रमाबाईंनी आपल्या हाताखालच्या मुलींविषयी लिहिले, आपल्या आवाक्यातले लिहिले, खाली सही केली. गोखल्यांनी सात समुद्रांपलीकडून, दुसऱ्याच्या पत्रावरून, सर्वांत भयंकर तेवढी गोष्ट सांगितली. दोघेही थोर, दोघांचाही हेतू एकच. पण ज्याला अन्यायाविरुद्ध बोलावयाचे आहे त्याने तर इतरांहून अधिक तोलून बोलले पाहिजे, हे आपल्यातील पुष्कळ तळमळीच्या माणसांच्या ध्यानात येत नाही.

लोकमतावर आकड्यांचा प्रभाव पडतो, असे डॉक्टर मंडळी समजतात. तसे असते तर प्लेगच्या लसीची कहाणी वेगळी झाली असती. वाल्देमार हाफकिन ह्या रशियातून आलेल्या यहूदी शास्त्रज्ञाने मुंबईत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी बडोद्याजवळ उंढेरा गावी साथ होती. तेथे घराघरांतून काही माणसांना टोचले आणि काहींना तसेच ठेवले. (हे आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांतील न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ आजारी पडली व २६ मेली; टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडली व ३ मेली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी ही माणसे. ह्याहून बोलका पुरावा काय असणार? त्याच साली हुबळीतही मोठ्या प्रमाणावर टोचणी झाली.

मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुल्कोवाल नावाच्या खेड्यात १०७ जणांना लस टोचली. त्यांतील एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले होते ते सर्व धनुर्वाताने मेले. बातमी तारेने देशभर गेली. पंजाबातील टोचणीच्या मोहिमेला जबर धक्का बसला. लक्षावधी माणसे प्लेगने मरत असलेल्या देशात लोकांच्या तोंडी उंढेऱ्याचे आकडे नव्हते, मुल्कोवालचे एकोणीस होते. ह्यात नवल नाही. लस न घेता मेलेला माणूस देवाच्या इच्छेने मेला असे आपण म्हणतो. लस घेऊन मेलेल्याला माणसाने मारले असे म्हणतो. नैतिकदृष्ट्या ह्या भेदात काहीच तथ्य नाही, असेही मला म्हणवत नाही. निरोगी माणसाच्या अंगात सुई घालणाऱ्याने अधिक काळजी घेतलीच पाहिजे.

पण काळजीचा दुसरा भाग म्हणजे झाले ते लोकांना खरे सांगणे, आणि तेथे सरकार कमी पडले. बाटली उघडताना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे चौकशीच्या कागदपत्रांत होते. ती कागदपत्रे लोकांपुढे येण्यास १९०६ साल उजाडले. तोवर दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर गेला होता व त्याला कामावरून दूर केले होते. त्याच्या बाजूने जे शास्त्रज्ञ १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीरपणे उभे राहिले त्यांत रोनाल्ड रॉस होता, ज्याने दहा वर्षांपूर्वी सिकंदराबादेत हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधून काढले होते. हाफकिन निर्दोष ठरला. परंतु पाच वर्षे लोक जे बोलत राहिले, ते एका पत्राने पुसले जाणार होते काय?

म्हणून लोकांचा विश्वास कसा वाढवावा, ह्याची जी आज इतकी चर्चा चालते, तीत मला थोडा गोंधळ दिसतो. ओनोरा ओ’नील ह्या तत्त्वज्ञ विदुषीने २००२ साली बीबीसीवरील व्याख्यानांत ह्याकडे लक्ष वेधले होते. लोकांनी अधिक विश्वास ठेवावा, असे उद्दिष्ट धरणे योग्य नाही. लबाडावर कमी विश्वास ठेवला तर बरेच. विश्वासाला पात्र होणे ही सांगणाऱ्याची जबाबदारी आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये गुजरातेत सरकारी आकडे आणि स्मशानातील गर्दी ह्यांचा मेळ बसेना. तेव्हा ‘संदेश’ ह्या गुजराती दैनिकाचे वार्ताहर अहमदाबादेतील सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर उभे राहून बाहेर येणारी प्रेते मोजीत होते. वडोदऱ्याच्या आपल्या वाचकांना ते दिवस सांगावयास नकोत. वर्तमानपत्रे विकली जातात, दूरदर्शनच्या वाहिन्या आरडाओरडा करतात, हे सर्व खरे. पण रात्री शवागाराबाहेर उभा राहून मोजणारा माणूसही वर्तमानपत्राचाच असतो. सर्वांनाच एका मापाने मोजणे ही देखील एक प्रकारची खोटी साक्षच.

आता आपल्या घराकडे पाहू. साथीच्या काळात आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत दोन प्रकारचे निरोप फार फिरले. पहिला, लस म्हणजे प्रकटीकरणातील श्वापदाची खूण आहे, हा. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात ती खूण श्वापदाची पूजा करणाऱ्यांवर येते, ती उजव्या हातावर किंवा कपाळावर असते, आणि तिच्यावाचून खरेदी-विक्री करता येत नाही. प्रश्न तेथे उपासनेचा आहे, कोणापुढे गुडघे टेकावे ह्याचा आहे. दंडात घेतलेल्या औषधाशी त्याची सांगड घालणे हा शास्त्राचा आदर नव्हे.

दुसरा निरोप एक्याण्णवाव्या स्तोत्राचा. मरी तुझ्याजवळ येणार नाही, ह्या आशयाच्या त्या ओळी दारावर चिकटविल्या गेल्या, आणि ज्याला पुरेसा विश्वास आहे त्याला तोंड झाकण्याची गरज नाही, असेही काही ठिकाणी सांगितले गेले. त्या स्तोत्राने भ्यालेल्या माणसांना रात्रीच्या रात्री धीर दिला आहे, त्याविषयी एक अक्षर बोलावयाचे नाही. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात हेच स्तोत्र सैतानाच्या तोंडी आहे. मंदिराच्या शिखरावर उभे करून तो प्रभूला म्हणतो की, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, तसे लिहिले आहे. आणि प्रभू त्याला दुसऱ्या शास्त्रवचनाने उत्तर देतो : देवाची परीक्षा पाहावयाची नाही. शास्त्रवचन जोडले म्हणून निरोप खरा होत नाही, ह्याहून मोठा दाखला रविवारच्या शाळेच्या शिक्षकाला कोठे मिळणार? ज्यांचे प्रियजन प्रार्थना करता करता गेले, त्यांच्या कानी हा निरोप कसा पडला असेल, ह्याचाही विचार पाठविणाऱ्यांनी केला नव्हता. एखाद्या विधवेला ‘तुमच्या घरी विश्वास कमी पडला’ असे न बोलता सांगणे, ही शेजाऱ्याविरुद्ध साक्ष नाही तर काय?

साथ आली की माणसे कारण शोधीत नाहीत, अपराधी शोधतात. तिसऱ्या शतकात साथ व दुष्काळ आले तेव्हा रोमी लोकांनी ख्रिस्ती लोकांना दोष दिला, आणि कार्थेजचा अध्यक्ष कुप्रियान ह्याला त्या आरोपाचे उत्तर लिहावे लागले. हजार वर्षांनंतर सत्ता ख्रिस्ती लोकांच्या हाती होती, आणि १३४८-४९ च्या काळ्या मरीत त्यांनी यहूद्यांवर विहिरीत विष घातल्याचा आळ घेतला. सहावा क्लेमेंत ह्या पोपने जाहीर केले की यहूदीही ह्याच रोगाने मरत आहेत, मग हे कसे? तरीही त्यांना जाळले गेले. २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीतील तबलिगी मेळाव्यावरून आपल्या वाहिन्यांनी एका सबंध समाजाला रोगाचा वाहक ठरविले. गर्दी जमली, तेथून रोग पसरला, हे खरे होते; पण त्यावरून फळवाल्याचे नाव विचारून फळे घेणे सुरू झाले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले व त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचा अभिप्राय दिला. लेवीयाच्या सोळाव्या अध्यायातील बकरा मात्र बळी दिला जात नाही. लोकांची पापे त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला जिवंतच रानात हाकलतात. तेथेही क्रियापद तेच आहे, ‘वाहणे’. आपण जी पोकळ वार्ता वाहण्यास नकार देत नाही, तिचे ओझे शेवटी दुसऱ्या कोणाला तरी वाहावे लागते. आपण स्वतः संख्येने थोडे आहोत. धर्मांतराच्या अफवा आपल्याविरुद्ध कशा उठतात हे आपल्याला ठाऊक आहे. निदान आपण तरी हे ओळखावयास हवे होते. किती मंडळ्यांच्या ग्रुपवर त्या दिवसांत तबलिगींविषयीचे ते चलच्चित्र फिरले, हे ज्याचे त्याने आठवावे.

इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात १ एप्रिल २०२० रोजी तपासणीस गेलेल्या आरोग्यपथकावर दगडफेक झाली. नेलेली माणसे परत येत नाहीत, ही १८९६ चीच भीती त्यामागे होती. मधल्या सव्वाशे वर्षांत मोमियाई तेवढी बदलली होती. त्या पथकातील दोन स्त्री-डॉक्टर दुसऱ्याच दिवशी त्याच वस्तीत पुन्हा कामाला गेल्या. पोलिओच्या बाबतीतही उत्तर प्रदेशात २००२ च्या मोठ्या साथीनंतर हाच अनुभव आला. थेंबांनी मुले निपुत्रिक होतील, ही अफवा रेडिओवरील नामवंतांच्या आवाहनांनी हटली नाही. त्याच गल्लीत राहणाऱ्या बाया दाराशी पुनःपुन्हा गेल्या, मौलवींनी स्वतः मुलांच्या तोंडात थेंब घातले, तेव्हा दारे उघडू लागली. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रोगी आढळलेला नाही.

गल्लीत राहणाऱ्या बाईची जागा मंडळीत कोणाची आहे? मला वाटते, ती रविवारच्या शाळेच्या शिक्षकाची आणि महिला मंडळातील त्या दोन-तीन भगिनींची आहे, ज्या आजाऱ्याकडे आधी जातात आणि बातमी मागून सांगतात. वर्गात एक साधा पाठ घेता येईल. मुलांना घरी आलेला एखादा निरोप आणावयास सांगावा आणि तीन गोष्टी विचाराव्या : हे कोणी पाहिले, त्याचे नाव आहे काय, आणि हे खोटे निघाले तर कोणाचे नुकसान होईल. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात दोन किंवा तीन साक्षीदारांचा नियम आहे, तो मुलांना आवडतो, कारण त्यात थोडे पोलिसी काम आहे. एकच निरोप दहा जणांकडून आला म्हणजे दहा साक्षीदार झाले काय, हे त्यांना विचारावे. मोठ्यांपेक्षा मुले ह्याचे उत्तर लवकर देतात.

अडचण पुढेच येते. निरोप पाठविणारे कधी वडील असतात, कधी मंडळीचे पंच, कधी स्वतः पाळकसाहेब. आपल्या समाजात वडिलांना ‘हे खोटे आहे’ असे चारचौघांत म्हणण्याची रीत नाही, आणि ती असावी असेही मला वाटत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम येथे लागू पडतो : आधी एकट्याने, एकांतात. फोन करावा, आदराने विचारावे, “पाळकसाहेब, हे आपणांस कोठून मिळाले?” पुष्कळदा तेवढ्याने भागते. पण त्यानंतरचे पाऊल टाळले जाते. निरोप गुपचूप पुसून टाकतात आणि विषय संपला असे समजतात. ज्या दोनशे घरांत तो वाचला गेला, त्यांना तो मागे घेतल्याचे कळतच नाही. गोखल्यांच्या माफीतील भाषेविषयी कोणाचे काहीही मत असो. ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये केलेला आरोप त्यांनी मुंबईच्या पत्रांबरोबर ‘मँचेस्टर गार्डियन’मध्येही मागे घेतला होता.